क्लबचे मालक, मॅनेजरच्या नेमणुका आणि चाहत्यांचा राग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा इथले फुटबॉलवेडे रात्री दीड-दोनपर्यंत जागून मॅच बघतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मुख्य प्रशिक्षकाला, शिव्या घालतात. राग खरा असतो, पण बऱ्याचदा चुकीच्या माणसावर निघतो. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. शेवटी आपल्या गावातल्या क्लबांचाही विषय घेतला आहे, कारण तिथे आपल्या हातात खरंच काहीतरी आहे.

टीम हरली की मॅनेजरला काढतात. दोष खरंच त्याचा असतो का?

काही वेळा असतो. पण कोणता खेळाडू घ्यायचा, किती पैसे घालायचे आणि मॅनेजर कोण असावा, हे तीन मोठे निर्णय बहुतेक ठिकाणी त्याच्या हातात नसतात. मँचेस्टर युनायटेडचंच बघा. सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ ला थांबले. डेव्हिड मॉईसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. पुढे व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, हंगामी रांगनिक, टेन हाग, आमोरिम. व्हान खालला चेंडू पायाशी ठेवून खेळायचं होतं, मोरिन्योला आधी बचाव भक्कम करायचा होता, आमोरिमला मागे तीन सेंटर बॅक हवे होते. दर वेळी आधीच्या माणसासाठी घेतलेले खेळाडू नव्याच्या गळ्यात पडले.

२०२४ चं साल जवळून बघा. टेन हागला ठेवायचं की नाही यावर उन्हाळाभर विचार झाला. जुलैत त्याचा करार एक वर्षाने वाढवला. आयॅक्समध्ये त्याच्या हाताखाली खेळलेले डी लिख्त आणि मझरावी विकत घेतले. आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. तो आणि त्याचे सहकारी यांच्या भरपाईपोटी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४ लाख पौंड खर्च पडला. वर नव्या मॅनेजरला स्पोर्टिंग लिस्बनकडून सोडवून आणायचे पैसे वेगळे. जुलैतली सही आणि ऑक्टोबरातली हकालपट्टी एकाच व्यवस्थापनाची होती. तिथे फक्त टेन हागच्या डावपेचांवर बोलणं म्हणजे निम्माच हिशेब तपासणं.

युनायटेडच्या मालक ग्लेझर कुटुंबावर एवढा राग का? पैसे घालून क्लब घेतला, मग त्यांचाच ना?

घातलेले पैसे कुणाचे होते, हाच मुद्दा आहे. २००५ मध्ये माल्कम ग्लेझरने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातली मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच नावावर, क्लबच्याच तारणावर टाकला.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक साखर कारखाना आहे, डोक्यावर कर्ज नाही, गाळप उत्तम. बाहेरचा माणूस येतो, कारखान्याचीच जमीन आणि मशिनरी तारण ठेवून कर्ज काढतो, त्या पैशाने कारखाना विकत घेतो आणि हप्ते उसाच्या बिलातून फेडतो. ऊस घालणाऱ्याला काय वाटेल? युनायटेडच्या चाहत्यांना तेच वाटलं. तिकिटाचे, टीव्हीचे, जर्सीचे पैसे व्याजात गेले. क्लबच्या मैदानाचं, ओल्ड ट्रॅफर्डचं, छप्पर गळायला लागलं.

म्हणून २०१० मध्ये हजारो लोक लाल मफलर सोडून हिरवा-सोनेरी मफलर घालून मैदानात यायला लागले. ते न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या जुन्या नावाच्या काळातले रंग. काही जण तर २००५ मध्येच बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांचा क्लब काढला.

युनायटेड न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. शेअर घेतला तर मत मिळेल?

मिळेल, पण त्याला वजन नाही. बाजारात मिळतो तो 'ए' वर्गाचा शेअर, एका शेअरला एक मत. कुटुंबाकडे आहेत 'बी' वर्गाचे, एका शेअरला दहा मतं. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ मध्ये पाव हिस्सा आणि पुढे थोडा जास्त घेतला, फुटबॉलचा कारभारही त्यांच्याकडे आला, तरी बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिलं. आठवण म्हणून शेअर घ्यायचा तर घ्या, मतासाठी घेऊ नका.

जर्मनीचा '५० अधिक १' नियम म्हणजे नक्की काय?

सहकार माहीत असलेल्या माणसाला हा नियम दोन वाक्यांत कळतो. क्लबची कंपनी झाली, बाहेरचा पैसा आला, तरी निम्मी मतं आणि वर एक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. १९९८ पासून हा नियम आहे. बायर्न म्युनिकमध्ये ७५ टक्के हिस्सा सभासदांच्या संस्थेचा आहे. आडिडास, आउडी आणि अलियान्झ प्रत्येकी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. पाहुण्याला पंगतीत जागा आहे, पण वाढप घरच्यांच्या हातात.

लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांचे जुने क्लब असल्याने त्यांना सूट आहे. लाइपझिगमध्ये नियम कागदावर पाळला जातो, पण मत देणारे सभासद मोजकेच ठेवलेत, म्हणून बाकीच्या जर्मन चाहत्यांना तो क्लब सहन होत नाही.

हा नियम टिकला तो लोकांनी राखला म्हणून. २०२३ च्या डिसेंबरात लीगने टीव्ही हक्कांच्या उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायचं ठरवलं. पुढचे दोन महिने निषेध म्हणून प्रेक्षकांकडून मैदानांत टेनिस बॉल आणि चॉकलेटची सोनेरी नाणी पडत राहिली. खेळाडूंनी बॉल गोळा करायचे, खेळ सुरू व्हायचा, परत पाऊस. धूर सोडणाऱ्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्याही मैदानात पळाल्या. मारामारी न करता मॅच लांबवली की थेट प्रक्षेपणाचं वेळापत्रक कोलमडतं, आणि गुंतवणूकदार तर त्या प्रक्षेपणावरच पैसे लावणार होता. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने व्यवहार सोडून दिला.

मग सभासदांचा क्लब म्हणजे सगळं ठीक?

नाही. सहकाराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बार्सिलोना सभासदांचा आहे, तिथे पॅनेल टाकून निवडणूक होते, तरी २०२१ मध्ये क्लब एक अब्ज युरोच्या वर कर्जात होता आणि मेस्सीला नवा करार देता आला नाही. निवडून आलेला अध्यक्षही पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून महागडे खेळाडू आणतो.

फरक एवढाच की सभासदांना त्याला खाली खेचता येतं. २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेऊंविरुद्ध अविश्वासासाठी १६,५२० सह्या लागत होत्या. कोरोनाच्या काळात, मैदानं बंद असताना, वीस हजारांहून जास्त जमल्या. मतदानाची वेळ येण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, ते राजीनामा देऊन गेले. खाजगी मालकाबाबत अशी सोय नाही.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचं काय झालं? मालक तर पुण्याचे.

हो. पोल्ट्रीच्या धंद्यातल्या कुणालाही व्हेंकीज हे नाव नवं नाही. या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न घेतला. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला क्लब; किंमत सव्वादोन-अडीच कोटी पौंडांच्या घरात, शिवाय क्लबवरचं कर्ज. मराठी माणसाला त्या वेळी अभिमान वाटला होता, आणि वाटणं साहजिक होतं.

चूक पहिल्या महिन्यातच झाली. १३ डिसेंबरला सॅम अॅलर्डाइसना काढलं, तेव्हा टीम तक्त्यात तेराव्या क्रमांकावर होती, म्हणजे तिला कसलाही धोका नव्हता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते प्रशिक्षकांच्या ताफ्यात होते, पण मुख्य मॅनेजर म्हणून कुठे काम केलेलं नव्हतं. पहिला हंगाम कसाबसा निभावला. दुसऱ्या हंगामात दर आठवड्याला कीन यांच्याविरुद्ध घोषणा, आणि मालक हजारो मैलांवर.

७ मे २०१२. ईवूड पार्क या ब्लॅकबर्नच्या मैदानावर पाऊस, समोर विगन, हरलं की खालच्या विभागात. मॅच सुरू असताना कुणीतरी मैदानात कोंबडी सोडली, तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला आणि अकरा वर्षांनी ब्लॅकबर्न खाली गेलं.

पुढचा हंगाम याहून वाईट. कीन सप्टेंबरात गेले. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल अॅपलटन ६७ दिवस. बर्ग कोर्टात गेले आणि क्लबला त्यांच्या उरलेल्या कराराचे साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. २०१७ मध्ये टीम तिसऱ्या पायरीवर घसरली. टोनी मोब्रे यांना हातात वेळ मिळाला तेव्हा २०१८ ला दुसऱ्या पायरीवर परतली.

मालकांनी पैसा घातला नाही असं म्हणता येणार नाही, वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरला. पण फुटबॉल कळणारा, निर्णयाचा अधिकार असलेला आणि रोज मैदानावर हजर असलेला माणूस सुरुवातीच्या वर्षांत तिथे नव्हता. पोल्ट्रीच्या शेडवर जाणकार सुपरवायझर नसेल तर उत्तम खाद्य घालूनही मर थांबत नाही, तसं हे झालं.

मॅनेजरची नेमणूक चुकणार आहे हे आधी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. आधी वेळ बघा. नोव्हेंबरात नेमलेल्या मॅनेजरला जानेवारीपर्यंत एकही खेळाडू घेता येत नाही, त्यामुळे आहे त्या संघावर वेगळी पद्धत लादली तर पहिले दोन महिने हाल होतात. मग मागचे तीन मॅनेजर एका ओळीत मांडा. एक बचावाचा, एक दाबून खेळणारा, एक चेंडू फिरवणारा असे तीन तऱ्हेचे असतील तर क्लबला स्वतःची दिशा नाही. तो आपला सहायक, गोलकीपिंग कोच, फिटनेसचा माणूस घेऊन येतोय की एकटाच, हेही विचारा. एकटा आला तर जुन्या ताफ्याचा विश्वास मिळवण्यातच हंगाम जातो.

शेवटचं म्हणजे मालकाशी आधीचं नातं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबचं मोठं उदाहरण आहे. मालक पीटर लिम आणि इंग्लंडचा माजी खेळाडू गॅरी नेव्हिल दुसऱ्या एका छोट्या क्लबात भागीदार होते. डिसेंबर २०१५ मध्ये नेव्हिलला थेट व्हॅलेन्सिया दिलं. आधी कुठेही मॅनेजर नाही, स्पॅनिश येत नाही, हंगाम निम्म्यावर. लीगच्या १६ मॅचमध्ये ३ विजय, कपच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाकडून ०–७, आणि मार्चअखेर निरोप. नेव्हिल खेळाडू म्हणून फार मोठा होता. त्याला त्या खुर्चीत बसवणाऱ्याने त्याचंही नुकसान केलं.

निषेधाने काही बदलतं का?

कशावर बोट ठेवलं यावर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ७७ पौंड करायचं जाहीर केलं. संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले. त्या वेळी टीम २–० ने पुढे होती. मॅच २–२ सुटली. चार दिवसांत दरवाढ मागे आली. मागणी एकच होती, आकडा स्पष्ट होता, आणि रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसत होत्या.

युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःपुरती काढायला घेतलेल्या सुपर लीगचंही तसंच. १८ एप्रिल २०२१ च्या रात्री बारा क्लबांनी घोषणा केली आणि चाहत्यांच्या विरोधापुढे दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. उलट नुसतं 'मालक हटाव' म्हणून वर्षानुवर्षं ओरडल्याने कुणी क्लब विकत नाही.

चेल्सीच्या चाहत्यांकडची तजवीज सर्वात मजबूत. स्टॅमफर्ड ब्रिज या त्यांच्या मैदानाची जमीन १९९३ पासूनच्या चाहत्यांच्या कंपनीकडे आहे. २०११ मध्ये क्लबने ती परत मागितली, ठरावाला ७५ टक्के मतं लागत होती, मिळाली नाहीत. सातबारा आपल्या नावावर असला की मालकाला आपल्या दारात यावं लागतं.

इंग्लंडमध्ये नवा कायदा झाला. आता मॅनेजर नेमताना चाहत्यांना विचारतील?

नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला. मालकाची पात्रता, क्लबची आर्थिक तब्येत, मैदान विकणं, बोधचिन्ह आणि रंग बदलणं हे त्याच्या कक्षेत येतं. मॅनेजर नेमणं मालकाच्याच हातात आहे.

भारतात काय परिस्थिती आहे?

आपल्या सर्वात जवळचं उदाहरण एफसी पुणे सिटी. २०१४ ला इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाला, सांगली-साताऱ्याची पोरं बालेवाडीला मॅच बघायला जायची, २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि ती जागा हैदराबादच्या नव्या टीमला गेली. मुळात ती फ्रँचायझी होती. मालकाला परवडेना झालं की टीम संपली, आणि चाहत्याला विचारायची कुठे तरतूदच नव्हती.

कोलकात्याच्या मोहन बागानचे लोक मात्र हटले नाहीत. २०२० मध्ये क्लब एटीके या कोलकात्याच्याच फ्रँचायझीशी जोडला गेला, ८० टक्के हिस्सा उद्योगसमूहाकडे गेला आणि नावापुढे 'एटीके' लागलं. 'रिमूव्ह एटीके' ही एकच मागणी त्यांनी तीन हंगाम लावून धरली. मार्च २०२३ मध्ये लीग जिंकल्यावर मालकांनी ते नाव काढल्याचं जाहीर केलं.

एखाद्या क्लबचा खरा मालक कोण, हे आपण घरबसल्या कसं तपासायचं?

इंग्लिश क्लब असेल तर 'कंपनीज हाऊस' या सरकारी संकेतस्थळावर जा, फुकट आहे. क्लबचं कंपनी म्हणून असलेलं पूर्ण नाव टाका. 'लक्षणीय नियंत्रण असलेल्या व्यक्ती' या भागात मालक दिसतो. तिथे दुसऱ्या कंपनीचं नाव आलं तर ते टाकून परत शोधा; तीन-चार पायऱ्या वर जावं लागतं आणि कधी परदेशी कंपनीपाशी वाट बंद होते. मग जमा कागदपत्रांतून ताळेबंद उघडा आणि तीन आकडे लिहून घ्या: पगार, कर्ज, व्याज. पगार उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या वर असेल तर एक वाईट हंगाम क्लबला झेपत नाही.

भारतीय क्लबसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकांची नावं फुकट दिसतात, ताळेबंद बघायला थोडी फी पडते.

आपल्या गावच्या क्लबचा मालक कोण?

सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर आहे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या टीम तालमींच्या आणि पेठांच्या आहेत, शाहू स्टेडियम भरतं ते त्यामुळे. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबांची अडचण अशी की कागदच नाही. नोंदणी नाही, जर्सी एका स्पॉन्सरची, बँक खातं एका माणसाच्या नावावर. तो माणूस रुसला की क्लब बंद.

नोंदणीला किमान सात सभासद लागतात. घटना, नियमावली, पहिल्या कार्यकारिणीची यादी, ओळखपत्रं आणि ऑफिसच्या जागेच्या मालकाचं संमतीपत्र घेऊन सांगली किंवा साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा दोन्ही नोंदी होतात, दोन प्रमाणपत्रं मिळतात.

सर्वात जास्त घोळ पुढे होतो. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. पोरं निवडणूक करतात, गुलाल उधळतात आणि रिपोर्ट द्यायचा राहतो. पाच वर्षांनी शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं असतात, बँक सह्या बदलत नाही, आणि दोन गट कागदावर एकमेकांना खोटं ठरवतात. ठरावाची प्रत, सभेची नोटीस आणि हजेरीच्या सह्या त्याच आठवड्यात फाईलला लावा. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. संस्थेची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, म्हणून जागा असेल तर ती व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर घ्या.

मतदार यादी निवडणुकीच्या ६० दिवस आधी बंद करायचं कलम घटनेत घाला. नाहीतर आदल्या आठवड्यात शंभर सभासद होतात आणि क्लब दुसऱ्याचा होतो.

स्पॉन्सर म्हणतोय माझ्या माणसाला कोच करा. काय करायचं?

पैसे घेण्याआधी एक पानाचं पत्र करा. जर्सीवर कुठे, किती मोठं नाव. रक्कम दोन हप्त्यांत, पहिला सराव सुरू होण्याआधी. अकरा खेळाडू फक्त कोच निवडणार, हे वाक्य त्यात स्पष्ट हवं. कोचबरोबरही लेखी करार करा: हंगामाच्या तारखा, मानधन, पहिल्या आठ मॅचपर्यंत आढावा नाही, दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. राष्ट्रीय महासंघाचा किमान 'डी' परवाना असलेला माणूस असावा. निवड पाच जणांच्या समितीने करावी, त्यात दोन माजी खेळाडू आणि एक पालक.

निवडणुकीच्या वर्षात स्पॉन्सर सहज मिळतो, पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. म्हणून बूट, बॉल आणि प्रवासाचा खर्च सभासदांच्या वर्गणीत बसेल एवढीच टीम उभी करा, स्पॉन्सरच्या पैशातून जाळी, कोन, किट असं टिकणारं सामान घ्या.

सांगलीत बसून परदेशी क्लबच्या चाहत्यांना साथ कशी देता येईल?

बहुतेक मोठ्या क्लबांच्या चाहत्यांच्या अधिकृत संघटना परदेशातल्या सभासदांनाही घेतात. त्यांच्या पत्रकांवर सही करा, सर्वेक्षणं भरा, कारण आशियातला प्रेक्षक सोबत आहे हे प्रायोजकांना कळावं लागतं. खेळाडूंच्या आणि मॅनेजरच्या घरच्यांना शिव्या लिहू नका. संघटनेच्या मागणीची बातमी मागे पडते आणि आपल्या शिवीची होते.

मैदानातल्या निषेधाच्या वेळी इथे एकत्र बसून मॅच बघणार असाल तर घड्याळ नीट जुळवा. तिथली दुपारी तीनची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, आणि त्याच आठवड्यात पोरं हमखास तासभर उशिरा किंवा लवकर येतात.